कसारा घाट बघायचा तो उतरताना: अर्धी बाटली पाणी, मोबाईल आणि खिडकीची सीट

नाशिकरोडवरून रोज पंचवटीने मुंबई गाठणाऱ्या कुणालाही विचारा, कसारा घाटात बोगदे किती, सांगता येणार नाही. इगतपुरी गेली की एकतर पत्ते निघतात नाहीतर मान खिडकीला टेकते, आणि डोळे उघडतात तेव्हा कसारा मागे पडलेला असतो. मी पण त्यातलाच. पंधरा वर्षं पास काढून हिंडलो आणि घाट म्हणजे मोबाईलची रेंज जाते तो भाग, एवढीच माझी समज.

आमचे आजोबा इगतपुरीच्या शेडला फायरमन होते, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे. घाटात नाही हं, हे आधीच सांगतो, कारण घाट १९३० लाच विजेवर गेला आणि त्यानंतर वाफेची इंजिनं इगतपुरीहून पुढे मनमाड-भुसावळकडे पळायची, आजोबा त्यांच्यावर. पण शेडमधले त्यांच्या आधीचे म्हातारे घाटात फावडं मारलेले होते, आणि त्यांच्याकडून ऐकलेलं आजोबांकडे पोतंभर होतं. एकदा लहानपणी कल्याणहून येताना मी खिडकीत उभा राहून "केवढा चढ आहे, केवढा चढ आहे" करत नाचत होतो, तर ते म्हणाले, "चढाचं काय एवढं, चढताना फार तर गाडी उभी राहते. उतरताना बघ."

ते काय म्हणत होते हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली. तुम्हाला एका फेरीत कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी घरी एक करा. ३७ इंच लांब फळी घ्या, जुन्या कपाटातला शेल्फ चालतो, आणि एका टोकाखाली एक इंच जाडीचं पुस्तक सरकवा. झाला कसारा घाट. रेल्वेवाले याला वन इन थर्टीसेव्हन म्हणतात, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असतं ते फळीवर ठेवा, दीड अंश दाखवेल. डोळ्याला हा चढ दिसतसुद्धा नाही, बाईकला तर कळणारही नाही. पण पोराची चाकं नीट फिरणारी खेळण्यातली गाडी वरच्या टोकाला ठेवा आणि बोट काढा. सुटते की नाही? रूळ लोखंडाचा, चाक लोखंडाचं, चाक गडगडताना अडथळा जवळजवळ नाहीच, म्हणून तर एक इंजिन शंभर ट्रकचा माल ओढतं, आणि म्हणूनच उतारावर तोच माल कुणाचं ऐकत नाही.

हिशोब एकदाच करू, मग सोडून देऊ. १००० टनांची मालगाडी या चढावर असेल तर ती नुसती मागे घसरू नये म्हणूनच २७ टनांचा जोर लागतो, पुढे न्यायचं वेगळंच. इंजिनाच्या चालत्या चाकांवर समजा ६० टन वजन आहे, तर कोरड्या रुळावर त्याची पकड वजनाच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे १५ टनांच्या आसपास. म्हणजे एकाने भागत नाही, दोन पाहिजेत, आणि श्रावणातली भुरभुर असेल तर तीन. धो धो पावसाने रूळ धुऊन निघतो, त्यापेक्षा भुरभुर वाईट, ती रुळावरच्या तेला-धुळीचं लोणी करते. म्हणून वाफेच्या इंजिनावर वाळूचा डबा असायचा आणि त्यातून नळीने चाकासमोर वाळू सोडायची. आजही सोडतात, वाळूला अजून काही पर्याय सापडलेला नाही.

आता घाटाची थोडी ओळख. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ ला, हे सगळ्यांना शाळेपासून पाठ. पण ती गाडी नाशकात यायला मध्ये सह्याद्री आडवा होता. गंमत बघा, खाली कसाऱ्यापर्यंत रूळ १८६१ च्या सुरुवातीला आले, वर नाशिककडचे रूळसुद्धा १८६१ मध्येच सुरू झाले, आणि मधला घाटाचा तुकडा मात्र १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. म्हणजे तेवढा काळ वरची रेल्वे वर, खालची खाली, आणि मध्ये बैलगाड्या. जेम्स बर्कले हा कंपनीचा चीफ इंजिनिअर, त्याने थळ, म्हणजे आपला कसारा, आणि भोर दोन्ही घाट आखले, पण दोन्हीपैकी एकही सुरू झालेला त्याला बघता आला नाही, १८६२ मध्येच गेला. आपला थळ घाट लांबीला १५ किलोमीटरच्या आसपास, चढ ९७२ फूट, मुळात १३ बोगदे आणि ६ मोठे पूल, त्यातला एहेगावचा पूल सगळ्यात उंच, १८२ फूट. सरासरी काढली तर चढ ५० ला १ येतो, पण सरासरीवर गाडी चालत नाही, अवघड तुकडा ३७ ला १ चा आहे आणि गाडी अडकते ती तिथेच.

मुळात घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन पण होतं. डोंगरात वळायला जागाच नाही म्हणून गाडी एका टोकाला नेऊन उभी करायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलटं निघायचं, इंग्रजी व्ही काढल्यासारखं. भोर घाटातलं तसलंच स्टेशन १९२९ पर्यंत चालू होतं. चढताना ठीक आहे, विश्रांती मिळते. उतरताना विचार करा, समोर रूळ संपलेत, गाडी अडवायचे बफर आहेत, आणि बफरच्या पलीकडे दरी. तिथे गाडी थांबली नाही तर दुसरा चान्स नाही.

आता प्रत्यक्ष निघायचं कसं ते.

नाशिकरोडवरून मुंबईकडे जाणारी कुठलीही दिवसाची गाडी घ्या. रेल्वेच्या भाषेत ही अप गाडी, कारण मुंबई हेडक्वार्टर, तिकडे जाणारी ती अप. म्हणजे आपल्या घाटात अप गाडी खाली उतरते आणि डाऊन गाडी वर चढते, हे डोक्यात पक्कं करून ठेवा नाहीतर रेल्वेवाल्याशी बोलताना पहिल्याच वाक्याला आपली विकेट जाते. पावसाळा संपता संपता, सप्टेंबरात जा, धबधबे असतात आणि धुकं कमी असतं. जुलैत गेलात तर खिडकीबाहेर पांढरी चादर. सीट खिडकीची, मधल्या किंवा मागच्या डब्यात, म्हणजे वळणावर पुढचं इंजिन दिसतं. आणि हात जोडून सांगतो, दारात उभं राहायचं नाही, मोबाईल बाहेर काढून रील करायची नाही, बोगद्याची भिंत हातभर अंतरावर असते. रुळाने चालत जाऊन पूल बघायचा किडा असेल तर तो पण घरी ठेवून या.

सामानात पाण्याची एक लिटरची सरळ बाटली, लेबल काढलेली, अर्धी भरलेली. बस.

देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, हा सगळा भाग गाडी मस्त पळते, तेव्हा काही करायचं नाही, वाटल्यास भाताची खाचरं बघा आणि डावीकडे कळसूबाईची रांग. इगतपुरीला वडा घ्या, तो घेतला नाही तर फेरी धरली जात नाही. पण वडा खाताना कान उघडे ठेवा. उतारावर निघायच्या आधी ब्रेक तपासायचे हा घाटाचा सगळ्यात जुना नियम आहे. डब्याखालून सूं करून हवा सुटल्याचा आणि मग खट् करून काहीतरी आवळल्याचा आवाज येतो, तो ब्रेकचा. हवेच्या ब्रेकला पाईपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोचा दाब, पूर्वी व्हॅक्यूम ब्रेक होता, म्हणजे पाईपमधली हवा ओढून काढलेली, तेव्हा पाऱ्याचे २१ इंच. दोन्हीत युक्ती एकच, आणि ती नीट समजून घ्या कारण पुढचे काही अपघात तिच्यावर आहेत: पाईप शाबूत असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो, पाईप तुटला, डबा सुटला, तर ब्रेक आपोआप आवळतो. वाईटात वाईट झालं तर गाडी थांबली पाहिजे, पळाली नाही पाहिजे. मात्र मधल्याच एखाद्या डब्यापाशी पाईपची तोटी चुकून बंद राहिली तर तिच्या मागचे सगळे डबे पुढच्या ड्रायव्हरचं ऐकतच नाहीत, आणि सपाटीवर हे कळतही नाही. म्हणून शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचतोय ना, हे बघितल्याशिवाय निघायचं नाही.

वाफेच्या जमान्यात मालगाडीच्या वाघिणींना पाईपचा ब्रेक नसायचाच सुरुवातीला. मग घाटाच्या डोक्यावर गाडी थांबवायची, माणसांनी वाघिणी-वाघिणीला जाऊन हँडब्रेक आवळायचे, आणि मग ओढत, कण्हत, चाकांतून धूर काढत खाली यायचं, खाली आल्यावर परत सगळे सोडायचे. एक जरी कमी आवळला तर पुढच्यांवर भार.

गाडी सुटली की बाटली काढा. आडवी धरा, झाकण इंजिनाच्या दिशेला, मांडीवर किंवा समोरच्या छोट्या टेबलावर. पाणी हलणार, घाबरू नका, वेग एकसारखा झाला की सरासरी पातळी दिसते. ब्रेक लागत असताना बघू नका, ब्रेकने पण पाणी पुढे जातं आणि मग चढ-उतार कळत नाही. घोटीच्या सपाटीवर पातळी सरळ होती ती आता झाकणाकडे जास्त आणि बुडाकडे कमी दिसेल, पाऊण सेंटीमीटरभर फरक. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा समोरच्या पासवाल्या काकांनी दहा मिनिटं सहन केलं आणि मग विचारलं, "भाऊ, औषध आहे का काही?" त्यांना समजावलं तर त्यांनी पत्ते ठेवले आणि स्वतःची बाटली काढली, मग आसपासच्या सीटवरच्या सगळ्यांनी काढल्या.

आता ही बाटली म्हणजे इंजिनाचा बॉयलर समजा. झाकण म्हणजे धुराडं, बूड म्हणजे भट्टी. वाफेच्या इंजिनात भट्टी मागे, ड्रायव्हरच्या पायापाशी असते आणि भट्टीचं छत पाण्याखाली बुडालेलं असावं लागतं, कारण खाली हजार अंशाच्या पुढची आग आणि वर पाणी, पाणी आहे म्हणून लोखंड टिकतं. बॉयलर सहा मीटर लांब धरला तर या घाटात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्यात १६ सेंटीमीटरचा फरक पडतो. धुराडं पुढे ठेवून चढताय तेव्हा पाणी मागे, भट्टीकडे येतं, छत छान बुडालेलं, आणि पातळी दाखवणारी काचेची नळी पण मागेच, भट्टीपाशी, त्यामुळे ती म्हणते पाणी भरपूर आहे. खोटं बोलते ती. घाटमाथा आला, रूळ सपाट झाले, मग उतरायला लागले, की तेच पाणी पळत पुढे जातं, नळीतली पातळी धाडकन पडते, आणि भट्टीचं छत उघडं. छतात शिशाचा प्लग बसवलेला असतो, पाणी गेलं की तो वितळून वाफ आगीवर सोडतो, हा शेवटचा इशारा. तो पण चुकला तर छत मऊ होऊन खाली बसतं आणि बॉयलर फुटतो. म्हणून चांगला फायरमन चढ संपायच्या आधीच इंजेक्टरने, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलायच्या यंत्राने, पाणी वाढवून ठेवायचा. पण जास्त भरलं तर पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरचं झाकण उडतं. कमी नाही, जास्त नाही, आणि नळी खोटं बोलतेय, आणि चढावर वाफ खाली येऊ द्यायची नाही, आणि फावडं चालूच. आजोबा म्हणायचे कोळसा कधी ढिगाने टाकायचा नाही, पोळीवर तूप सोडतो तसा पातळ आणि सारखा. धुराड्यातून काळा धूर निघाला की समजायचं फायरमन नवा आहे.

बाटलीचा प्रयोग झाला की खिडकीबाहेर बघा. विजेच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे असतात. किलोमीटर बदलला की मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, पुढचा किलोमीटर आला की थांबवा, ३६०० ला सेकंदांनी भागा, ताशी वेग आला. करून बघा आणि चकित व्हा, इतका उतार असून गाडी किती हळू चाललीय. आपण म्हणतो काय रडतेय ही गाडी. ती रडत नाहीये, ती स्वतःला धरून ठेवतेय.

किती धरून ठेवतेय तेही बघू. ५०० टनांची प्रवासी गाडी ३०० मीटर खाली येते तेव्हा तिच्यातून साधारण ४०० युनिट ऊर्जा बाहेर काढावी लागते, आपल्या विजेच्या बिलावरचं युनिट तेच. साध्या घराचं तीन-चार महिन्यांचं बिल झालं हे. आजची नवी इंजिनं मोटरच उलटी वापरून ही वीज वरच्या तारेत परत ढकलतात. वाफेच्या इंजिनाला ही सोय नाही, ती सगळी ऊर्जा बीडाच्या ब्रेक ब्लॉकमध्ये उष्णता होऊन जायची. आणि बीडाची खोड अशी की चाक जितकं जोरात फिरतं तितकी त्याची पकड कमी. म्हणजे वेग हातात आहे तोवर ब्रेक मित्र, वेग एकदा सुटला की ब्रेकही त्याच्याच बाजूला जातो. काही न धरता गाडी सोडली तर या उतारावर एका मिनिटात ताशी ५० आणि दोन मिनिटांत १००. पश्चात्तापाला वेळ नाही.

म्हणून घाटात कॅच सायडिंग असतं, आणि खिडकीतून शोधण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट हीच. मुख्य रुळातून एक फाटा निघतो आणि डोंगराच्या दिशेने वर चढत जाऊन मातीत, वाळूत संपतो. कुठेच जात नाही. नवख्याला वाटतं काम अर्धवट सोडलंय. तर नियम असा की पॉईंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो, खालचा सिग्नल लाल. उतरणाऱ्या गाडीने तिथे येऊन थांबून दाखवायचं, गाडी माझ्या ताब्यात आहे हे सिद्ध करायचं, मग पॉईंट फिरतो आणि पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली तर आपोआप चढावर जाऊन वाळूत रुतते, इंजिन मोडेल पण खालचं स्टेशन वाचेल. तर पुढच्या वेळी गाडी घाटात "विनाकारण" थांबली आणि डब्यात कुणी रेल्वेला शिव्या घातल्या, तर त्यांना हे सांगा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात सलूदा नावाचा घाट होता, चढ ४.७ टक्के, म्हणजे २१ ला १, आपल्या पावणेदोन पट. तिथेही शेवटी हीच पद्धत आणावी लागली, रस्ता आधी फाट्याला, गाडी ताब्यात दिसली तरच मेन लाईन.

परत येताना चढ बघा, थोडक्यात सांगतो कारण तो सगळेच बघतात. तपोवन सकाळी मुंबईहून निघते, तिने आलात तर घाट उजेडात मिळतो. कसाऱ्याला मागे धक्का बसतो तो बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लागल्याचा. लोक विचारतात सगळी इंजिनं पुढे का नाही लावत, सोपं जाईल. तर पुढून सगळा भार ओढला की तो ताण पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर येतो, आणि चढावर कपलिंग तुटलं तर मागचे डबे कसाऱ्याकडे परत निघतात. मागे बँकर असला की तो ढकलतो पण आणि दाराला लावलेल्या दगडासारखा अडवतो पण. वाफेच्या काळात पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसायचे नाहीत, सगळं शिट्ट्यांवर. १९३० नंतर घाटात जी मालगाड्यांची विजेची इंजिनं आली त्यांना लोक खेकडा म्हणायचे, लांब नाक, आडवे दांडे, चालही तशीच. आता शिर्डीची वंदे भारत २०२३ पासून बँकरशिवायच चढते, मोटारी गाडीभर वाटलेल्या असतात म्हणून. बघायला मजा नाही, पण कौतुक आहे.

आता शेवटचा भाग, अपघातांचं वाचायचं कसं. घाट असा बघितला की घरी येऊन माणूस नेटवर जुने अपघात शोधतोच, मी पण रात्री दोनपर्यंत बसलो होतो. फोटो बघून सोडू नका. चढ किती होता, ब्रेक कुठल्या जातीचा होता, तो किती डब्यांना होता, आणि निघायच्या आधी कोण काय म्हणालं, एवढं शोधा. फोटोतलं आडवं पडलेलं इंजिन हा गोष्टीचा शेवट असतो, गोष्ट वरच्या स्टेशनात घडलेली असते.

मोदानचं घ्या. १२ डिसेंबर १९१७, फ्रान्समधले आल्प्स, इटलीच्या आघाडीवरून सुट्टीला घरी निघालेले सैनिक, हजाराच्या आसपास. १९ डबे, आणि दोन इंजिनांच्या जागी एकच. हवेचा ब्रेक फक्त पहिल्या तीन डब्यांना, बाकीच्यांना नुसता हँडब्रेक, नाहीतर तोही नाही. पुढे उतार ३० ला १, आपल्याहून तीव्र. ड्रायव्हर म्हणाला अशी गाडी मी नेत नाही. वर्दीवाल्याने हुकूम केला, ने. गाडी निघाली, ब्रेक तापून लाल झाले, ४० ची मर्यादा असलेल्या वळणावर वेग १०० च्या वर, डबे उतरले, एकमेकांवर चढले, लाकडी होते, पेटले. कपलिंग तुटून इंजिन पुढे निघून गेलं म्हणून ड्रायव्हर वाचला. ४०० च्या वर मृतदेहांची ओळख पटली, एकूण आकडा ७०० च्या आसपास धरतात. आता परत इगतपुरीच्या फलाटावरचा तो सूं-खट् आवाज आठवा.

आयर्लंडमधलं अर्मा, १२ जून १८८९. डोंगर म्हणावा असा नाही, चढ फक्त ७५ ला १, आपल्या निम्मा. चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांची सहल, गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी ठरवलं अर्धी गाडी पुढे नेऊ, मग उरलेली. मागचे दहा डबे सोडले, ब्रेकव्हॅनचा, म्हणजे गार्डच्या डब्याचा हँडब्रेक लावला आणि चाकांखाली दगड ठेवले. व्हॅक्यूम ब्रेक होता, पण जुन्या जातीचा, पाईप शाबूत असेल तरच लागणारा, पाईप सोडला की मागच्या डब्यांना काहीच नाही. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगड चिरडले, दहा डबे उतारावर पळाले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जीव गेले, त्यात लेकरं किती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला, प्रवासी गाडीला आपोआप आवळणारा ब्रेकच पाहिजे. मघाशी बाटली काढायच्या आधी जी युक्ती समजून घ्या म्हणालो ती ही.

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा २७ सप्टेंबर १९०३ चा अपघात यापेक्षा छोटा, ११ माणसं गेली, पण आपल्या ओळखीचा. टपालाची गाडी, उशीर झालेला, उशीर झाला की कंपनीला दंड. ड्रायव्हर वेळ भरून काढायला निघाला, उतार संपता संपता लाकडी पुलावर वळण, वेग आवरला नाही, इंजिन पुलाखाली. उशीर उतारावर भरून काढता येत नाही, तो सपाटीवरच भरायचा असतो.

आणि सगळंच ब्रेकवर ढकलू नका, डोंगर स्वतः पण खाली येतो. वॉशिंग्टन राज्यातल्या वेलिंग्टनला १ मार्च १९१० ला बर्फामुळे कित्येक दिवस अडकून उभ्या असलेल्या गाड्या हिमकड्याने दरीत लोटल्या, ९६ मेले, गाडी हललीसुद्धा नव्हती. नंतर तिथे खालून साडेबारा किलोमीटरचा बोगदाच काढला, १९२९ मध्ये. आपल्याकडे बर्फ नाही तर दरड आहे. भोर घाटात तर १८६७ च्या जुलैत एक अख्खा पूल कोसळला, दगडकामच कच्चं होतं, त्यानंतर कंपनीला आपली सगळी बांधकामं परत तपासावी लागली. पावसाळ्यात आपल्या घाटात रेनकोट घातलेला, हातात कंदील-टॉर्च घेतलेला माणूस रुळाच्या कडेला उभा दिसेल, रात्री-अपरात्री कडा बघत हिंडतो तो. खिडकीतून हात केला तर तो पण करतो, करून बघा.

वाफेचं इंजिन चालू हालतीत बघायचं असेल तर नाशकात काही नाही. देशात ब्रॉडगेजवरचं रोजचं वाफेचं इंजिन ६ डिसेंबर १९९५ ला बंद झालं. निलगिरीला मेट्टुपालयमहून कुन्नूरला जा, तिथे १२ ला १ चढ आहे, दातेरी रूळ आहे, आणि इंजिन गाडीच्या उताराकडच्या टोकाला राहून ढकलतं, आता का ते तुम्हाला विचारावं लागणार नाही. तिकीट महिनाभर आधी काढा. बाटली तिथेही न्या, पाऊण सेंटीमीटर नाही, चांगलं दोन सेंटीमीटर पाणी सरकतं.